मेकफाइल सोडून पायथनमध्ये बिल्ड लिहायचा का?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातली पाच जणांची टीम. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांना भट्टीचं तापमान नोंदवणारे आणि सांभाळणारे कंट्रोलर बनवून देते. कोड एकच, सी भाषेत, एसटीएम32 या मायक्रोकंट्रोलरवर चालणारा. पण गिऱ्हाइकागणिक फर्मवेअर, म्हणजे बोर्डवर चालणारा प्रोग्राम, वेगळं : कुणाला चार थर्मोकपल (तापमानाचे सेन्सर), कुणाला आठ, कुणाला मॉडबस (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) हवं, कुणाला नुसता डिस्प्ले. मेकफाइल, म्हणजे कोडपासून फर्मवेअर कसं बांधायचं ते मेक या टूलला सांगणारी फाइल, वाढत वाढत अशी झाली आहे की तिला हात लावायला कुणी धजत नाही. ‘आमच्यात सगळ्यांना पायथन येतं. मग एसकॉन्ससारखं पायथनमध्येच बसवलेलं बिल्ड टूल घ्यावं, की रूबी भाषेतलं रेक बघावं, की कंपायलरला हाक मारणारी साधी पायथन स्क्रिप्ट लिहून मोकळं व्हावं?’

उत्तर आधी सांगून टाकतो. तुमच्यासारख्या कामाला एसकॉन्स घ्या. फक्त ‘पायथन सगळ्यांना येतं’ हे त्याचं कारण धरू नका. ते कारण धरून जे एसकॉन्सकडे गेले, त्यातले बरेच जण सहा महिन्यांत मेकला परत आलेले मी बघितलेत, आणि येताना एसकॉन्सला शिव्या घालत आले. पायथन येणं हा तिथे फायदा आहे तसा धोकाही आहे. कसा, ते सविस्तर सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

आधी मेकचा हिशोब प्रामाणिकपणे मांडू. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये 1976 साली ते लिहिलं आणि 2003 साली त्यासाठी त्यांना एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला. उगाच नाही मिळाला. ‘ही फाइल त्या फायलींपासून बनते, त्या बदलल्या तर ही पुन्हा बनवा’ ही कल्पना त्यांनी इतकी नेमकी मांडली की त्यानंतरची सगळी टूलं तिच्यावरच उभी आहेत. टॅबचा तो कुप्रसिद्ध नियम चुकला हे त्यांना लवकरच कळलं होतं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांच्या फायली मोडायला नकोत म्हणून तो तसाच राहिला. डझनभर लोकांची सोय बघितली आणि पुढची पन्नास वर्षं आपण सगळे स्पेस की टॅब हे शोधत बसलोय.

पण टॅब हे तुमचं दुखणं नाहीच. तुमचं दुखणं फ्लॅगचं, म्हणजे कंपायलरला दिल्या जाणाऱ्या पर्यायांचं आहे. मेक काय बघतं? फायलींच्या तारखा-वेळा. सोर्स फाइल तिच्यापासून कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवी असेल तर पुन्हा कंपाइल, नाहीतर ‘सगळं अद्ययावत आहे’ म्हणून गप्प. आता सकाळी तुम्ही चार थर्मोकपलवाला व्हेरिएंट बांधला. दुपारी फ्लॅगमधला मॅक्रो (कोडमध्ये आकडा घालणारं नाव) बदलून आठवाला बांधायला घेतला. सोर्स फायलींना कुणी हात लावलेला नाही, त्यामुळे मेकच्या लेखी काहीच बदललं नाही. मधे एखादी फाइल तुम्ही दुरुस्त केली असेल तर तेवढीच आठच्या हिशोबाने कंपाइल होते आणि बाकीच्या चारच्या ऑब्जेक्ट फायलींना जोडली जाते. एका फायलीच्या मते ॲरे चारचा, दुसरीच्या मते आठचा. या फायली जोडणारा लिंकर हूं की चूं करत नाही. टेबलावर चार सेन्सर लावून तपासलं तर बोर्ड उत्तम चालतो. पाचवा चॅनल जोडला की शेजारची मेमरी खरवडली जाते, आणि ती कुणाची निघेल ते नशीब.

म्हणूनच तुमच्याकडे प्रत्येक जण सवयीने आधी ‘मेक क्लीन’ मारत असणार. न विचारताच सांगतो. दर वेळी सगळं पुसून पुन्हा बांधायचं असेल तर मेक ठेवलंय कशाला? मेकमध्ये यावर तोडगा नाही असं नाही : फ्लॅग एका छोट्या फायलीत लिहायचे, ते बदलले तरच ती फाइल बदलायची आणि सगळ्या ऑब्जेक्ट तिच्यावर अवलंबून ठेवायच्या. कुठली फाइल कुठल्या हेडरवर अवलंबून आहे त्या नोंदीही जीसीसी या कंपायलरकडून आपोआप काढून घेता येतात. पण या गोष्टी माहीत असणारा माणूस टीममध्ये एक असतो, आणि तो बहुधा पुण्याला गेलेला असतो.

वेळेवर भरवसा ठेवण्याचा दुसरा त्रास एमआयडीसीतल्या शेडमध्ये दिसतो. टेस्टिंगच्या पीसीची सीमॉस बॅटरी (घड्याळ चालू ठेवणारी) संपलेली असते. लाइट गेली, आली, की घड्याळ कुठल्यातरी जुन्या वर्षात. त्या पीसीवर तुम्ही फाइल दुरुस्त करून सेव्ह केली की तिला तीच जुनी तारीख बसते, आणि मेक म्हणतं बदल नाही. समोर कोड बदललेला दिसतोय आणि बोर्डवर जुनाच चालतोय.

एसकॉन्स या दोन्ही ठिकाणी वेगळं वागतं. ते टूल स्टीव्हन नाइट यांचं. पर्लमध्ये लिहिलेल्या कॉन्स नावाच्या टूलची कल्पना घेऊन त्यांनी पायथनमधला आराखडा मांडला आणि 2000 साली तो सॉफ्टवेअर कार्पेंट्री स्पर्धेत जिंकला. एसकॉन्स फायलीची वेळ नाही, तर तिच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बघतं, मुळात एमडी5 पद्धतीचा. आणि नुसत्या मजकुराचा नाही : ज्या कमांडने फाइल बनली ती कमांडही त्या ठशात, म्हणजे स्वाक्षरीत, धरली जाते. फ्लॅग बदलला की स्वाक्षरी बदलली, की फाइल पुन्हा बनली. तुमचा चार-आठचा घोळ इथेच संपतो. त्याच्याही पुढे, एकच ऑब्जेक्ट फाइल दोन वेगळ्या फ्लॅगनी बनवायला सांगितली तर ते काम थांबवून तक्रार करतं की या टार्गेटसाठी दोन वेगवेगळ्या कृती दिल्या आहेत. पहिल्यांदा ही तक्रार बघून राग येतो. मग लक्षात येतं की मेक इतके दिवस हेच गुपचूप चालवून घेत होतं.

आता मुद्द्यावर येऊ. ‘भाषेत बसवलेलं’ टूल म्हणजे काय? एसकॉन्सची मुख्य फाइल, जिचं नाव एसकन्स्ट्रक्ट, ती नखशिखांत पायथन स्क्रिप्ट असते. वेगळं व्याकरण नाही. फॉर लूप, डिक्शनरी, फंक्शन, इम्पोर्ट, सगळं चालतं. रूबीतल्या रेकचं तसंच, ग्रूव्ही किंवा कोटलिनमधल्या ग्रेडलचंही तसंच. आणि या सगळ्यांमध्ये नवा माणूस एकाच जागी ठेचकाळतो : फाइल वाचली जाण्याची वेळ वेगळी आणि काम होण्याची वेळ वेगळी.

एसकॉन्स चालवलं की टर्मिनलवर काय उमटतं ते नीट वाचा. आधी ‘रीडिंग एसकॉन्स्क्रिप्ट फाइल्स’, मग वाचून झालं, मग ‘बिल्डिंग टार्गेट्स’, मग बांधून झालं. लोक या ओळी कधी वाचत नाहीत. तुमचं सगळं पायथन, वरपासून खालपर्यंत, पहिल्या टप्प्यातच चालून संपतं. त्यात ‘प्रोग्राम’ नावाचं फंक्शन तुम्ही बोलावलं तरी त्या क्षणी कंपायलर हलतसुद्धा नाही. ‘असं असं बनवायचं आहे, ते या या फायलींपासून बनतं’ एवढीच नोंद होते. सगळ्या नोंदी झाल्या की एसकॉन्स त्यांचं जाळं तपासतं, काय शिळं झालंय ते ठरवतं आणि मग तेवढंच बांधतं. तुमच्या गिऱ्हाइकांच्याच धंद्यातलं सांगायचं तर आधी मोल्ड बांधायचा, मग ओतकाम. मोल्ड बांधत असताना कास्टिंगचं वजन करायला काटा आणून उपयोग नाही.

आणि पायथन येणारा हुशार पोरगा नेमका तोच काटा आणतो. तुमच्या कामातलंच उदाहरण घेऊ. फर्मवेअरच्या बिन फायलीच्या शेपटीला सीआरसी (फाइल बिघडली नाही ना हे तपासायचा आकडा) जोडायचा आहे, बोर्ड सुरू होताना आधी चालणारा बूटलोडर तो तपासतो. तो पोरगा एसकन्स्ट्रक्टमध्ये ‘प्रोग्राम’ची ओळ लिहितो, तिच्याखाली बिन बनवण्याची ओळ, आणि तिच्याखाली सरळ पायथन : फाइल उघड, वाच, सीआरसी काढ, जोड, ‘फायनल’ नावाने लिही. वाचायला एकदम सरळ. पहिल्यांदा चालवलं की पायथन ओरडतं, अशी फाइलच नाही. साहजिक आहे, अजून काही बांधलंच गेलेलं नाही. मग तो वर एक अट टाकतो : फाइल असेल तरच पुढे जा. आता पहिल्या खेपेला काहीच होत नाही आणि दुसऱ्या खेपेपासून सगळं सुरळीत.

सुरळीत म्हणजे काय होतंय बघा. वाचण्याच्या टप्प्यात डिस्कवर जी बिन आहे ती मागच्या बिल्डची. तिला सीआरसी जोडून ‘फायनल’ तयार झाली. त्यानंतर बांधण्याच्या टप्प्यात नवी बिन बनली, पण तिच्याकडे आता कुणी बघत नाही. म्हणजे ‘फायनल’ फाइल कायम एक बिल्ड मागे. सीआरसी बरोबर, बूटलोडर खूश, एरर शून्य. तुम्ही बग दुरुस्त करता, बोर्डवर टाकता, बग तसाच. वैतागून काही न बदलता पुन्हा बिल्ड करता, आणि बग गेलेला! अशा वेळी माणसं कंपायलरवर संशय घ्यायला लागतात, केबल बदलतात, बोर्ड बदलतात.

बरोबर रीत अशी : सीआरसी जोडण्याचं काम एका पायथन फंक्शनमध्ये घाला. ते फंक्शन टार्गेट, सोर्स आणि एन्व्हायर्नमेंट असे तीन आर्ग्युमेंट घेतं. मग एसकॉन्सच्या ‘कमांड’ला सांगा की फायनल बिन ही साध्या बिनपासून बनते आणि ती बनवण्याची कृती म्हणजे हे फंक्शन. इथे फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस लावायचा नाही. कंस लावला की ते तिथल्या तिथे, वाचण्याच्या टप्प्यात चालतं आणि आपण परत होतो तिथेच. काम नीट झालं तर फंक्शनने शून्य परत द्यावं किंवा काहीच देऊ नये; शून्याखेरीज आकडा आला की एसकॉन्स बिल्ड थांबवतं. एवढं केलं की साधी बिन बदलली तरच सीआरसी पुन्हा काढला जातो, आणि कायम ताज्या बिनचा.

यातला आणखी एक बारकावा सांगतो, तो सहसा कुणी सांगत नाही. कृती म्हणून दिलेल्या पायथन फंक्शनचा कोड बदलला तर एसकॉन्सला कळतं, कारण त्याच्या बाइटकोडचीही स्वाक्षरी घेतली जाते. पण ते फंक्शन आतून दुसऱ्या मदतनीस फंक्शनला बोलावत असेल आणि बदल त्या मदतनिसात झाला, तर कळत नाही. तसंच फंक्शन एन्व्हायर्नमेंटमधलं एखादं मूल्य वाचत असेल, समजा सीआरसीचं पॉलिनॉमियल, तर ते मूल्यही आपोआप स्वाक्षरीत येत नाही. कृती तयार करताना ‘व्हारलिस्ट’मध्ये त्याचं नाव द्यावं लागतं. सगळं पायथनमध्ये आहे म्हणजे सगळं टूलला दिसतं, असा भाबडा समज करून घेऊ नका. जाळ्यात जे नोंदलं तेवढंच त्याला दिसतं.

दोन वेळांच्या या गोंधळाचं दुसरं रूप जास्त धोक्याचं आहे. बोर्डवर फर्मवेअर टाकण्याची कमांड कुणीतरी एसकन्स्ट्रक्टच्या तळाला ‘ओएस डॉट सिस्टीम’ने लिहून ठेवतो. आता एसकॉन्सला ‘सी’ पर्याय देऊन साफसफाई करायला सांगा. साफसफाईसाठीसुद्धा फाइल वाचावी लागतेच, म्हणजे ती ओळ चालते, म्हणजे बोर्ड फ्लॅश होतो. ‘एन’ पर्याय, जो ‘प्रत्यक्ष काही करू नकोस, नुसतं दाखव’ असं सांगतो, त्यानेही बोर्ड फ्लॅश होतो. भट्टीला जोडलेला बोर्ड टेबलावर असेल तर ही गंमत राहत नाही. फ्लॅश करणं हेही एक टार्गेट म्हणूनच नोंदवा, त्याला ‘एलियास’ने नाव द्या, ‘ऑल्वेजबिल्ड’ लावा आणि ‘डिफॉल्ट’मधून बाहेर ठेवा. कुणी नाव घेऊन सांगितलं तरच ते चालेल.

आता तुमच्या व्हेरिएंटकडे. इथे पायथन खरोखर कामाला येतं. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक छोटी डिक्शनरी : थर्मोकपल किती, मॉडबस आहे की नाही, डिस्प्ले कुठला. एक फॉर लूप, दर फेरीला मूळ एन्व्हायर्नमेंटची क्लोन, तिच्यात त्या गिऱ्हाइकाचे मॅक्रो, आणि त्याचं स्वतःचं बिल्ड फोल्डर. नवीन गिऱ्हाईक आलं की डिक्शनरीत चार ओळी वाढतात, बाकी फायलीला कुणी हात लावत नाही. मेकमध्ये हेच करायला जी ‘इव्हॅल’ आणि दुहेरी डॉलरची कसरत करावी लागते ती तुम्ही बघितली असेलच. माझ्या मते भाषेत बसवलेल्या टूलची सगळी किंमत या एका लूपमध्ये वसूल होते.

बिल्ड फोल्डर वेगळं करताना ‘व्हेरिएंटडिर’ वापराल, तेव्हा ‘डुप्लिकेट’ हा पर्याय बंद करा. तो मुळात चालू असतो आणि एसकॉन्स सोर्स फायलीसुद्धा बिल्ड फोल्डरमध्ये आणून ठेवतं. मग कंपायलरची एरर त्या प्रतीचा पत्ता दाखवते, एडिटरमध्ये क्लिक केलं की तीच प्रत उघडते, आणि तुम्ही मन लावून दुरुस्ती करता ती चुकीच्या फायलीत.

स्वाक्षरीच्या पद्धतीचा एक छान परिणाम असा की सी फायलीत नुसती कॉमेंट सुधारली तर ती फाइल कंपाइल होते, पण ऑब्जेक्ट फाइल बाइट-न्-बाइट आधीसारखीच निघाली तर लिंकिंग होतच नाही; पुढचं सगळं तिथेच थांबतं. मात्र डीबग माहितीचा फ्लॅग लावलेला असेल आणि कॉमेंटमुळे एक ओळ वाढली असेल तर ओळींचे क्रमांक सरकतात, ऑब्जेक्ट बदलते आणि लिंकिंग होतं. ‘कॉमेंटच तर टाकली, सगळं का चाललंय?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. कोडमध्ये कंपाइलची तारीख-वेळ घालणारे मॅक्रो असतील तर ते काढून टाका. त्यांच्यामुळे दर वेळी वेगळी ऑब्जेक्ट निघते आणि दोन बिल्ड कधीच जुळत नाहीत. त्याऐवजी गिटचा कमिट क्रमांक एका छोट्या फायलीत घाला. एसकॉन्समध्ये ‘व्हॅल्यू’ नावाची सोय आहे : फाइल नसलेलं, नुसतं एक पायथन मूल्यही डिपेंडन्सी म्हणून नोंदवता येतं. कमिट बदलला की तेवढी एक फाइल पुन्हा बनते आणि लिंक होते. फील्डवरचा बोर्ड कुठल्या कोडवर चालतोय ते सेटिंगच्या स्क्रीनवर दिसतं, आणि इचलकरंजीहून फोन आला तर फोनवरच कळतं.

पहिल्याच दिवशी तुम्हाला जी एरर येणार ती आत्ताच सांगून ठेवतो : ‘एआरएमचा कंपायलर सापडत नाही’. टर्मिनलमध्ये टाइप केलं तर चालतोय, एसकॉन्समधून मात्र नाही. बिघडलेलं काही नाही. एसकॉन्स तुमच्या शेलचा पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे ती यादी) मुद्दाम उचलत नाही, कारण एकाच्या मशिनवर चालावं आणि दुसऱ्याच्या मशिनवर नाही असं होऊ नये. पुष्कळ जण यावर पूर्ण शेल एन्व्हायर्नमेंट आत ओततात आणि हा फायदा घालवून बसतात. फक्त टूलचेनचं फोल्डर पाथमध्ये जोडा. प्रत्येकाच्या मशिनवर ते वेगळीकडे असेल तर एकच ठरलेला व्हेरिएबल वाचा, आणि तो नसेल तर स्पष्ट मराठीत निरोप देऊन थांबा.

वेगाबद्दल एसकॉन्सची बदनामी आहे आणि ती खोटी नाही. हॅश काढायचे, हेडर धुंडाळायचे, सगळं पायथनमध्ये. हजारो फायलींच्या प्रकल्पात काहीही न बदलता चालवलं तरी थांबून बसावं लागतं. मोंगोडीबी बरीच वर्षं एसकॉन्सवर होतं, मग बेझलकडे गेलं. गोडो हे गेम इंजिन आजही एसकॉन्सवर आहे. तुमच्या दोन-तीनशे फायलींना याचं सोयरसुतक नाही. अगदीच जाणवलं तर वेळ बदलली असेल तरच हॅश काढ असं सांगणारा डिसायडर आहे, पण मग ते सीमॉस बॅटरीवालं दुखणं थोडं परत येतं.

रेकबद्दल विचारलंत म्हणून. जिम वायरिक यांचं हे टूल फार सुबक आहे, आणि टीम रूबीवाली असती तर मी तेच सांगितलं असतं. पण ते फायलींच्या वेळा बघतं, फ्लॅगची नोंद ठेवत नाही, म्हणजे तुमचं मूळ दुखणं तसंच राहतं. दोन वेळांचा नियम तिथेही आहे : टास्कच्या ब्लॉकमधलं नंतर चालतं, बाहेरचं लगेच. ग्रेडल तर हे उघडच मांडतं, कॉन्फिगरेशन आणि एक्झिक्यूशन असे वेगळे टप्पे करून. कॉन्फिगरेशनमध्ये कुणी नेटवरून काही आणायचा कोड टाकला तर नुसती टास्कची यादी मागितली तरी चहा पिऊन यावं लागतं. सी फर्मवेअरसाठी ग्रेडलच्या वाटेला जाऊ नका.

पायथनमध्ये असूनही पायथन न देणारी टूलं आहेत, त्यांचाही विचार करा. मेसन स्वतः पायथनमध्ये लिहिलेलं आहे, पण बिल्ड फाइल लिहायला त्याने आपली वेगळी, मुद्दाम तोकडी भाषा दिली आहे. बेझलने पायथनसारखी दिसणारी स्टारलार्क आणली, तिच्यात रिकर्शन नाही, अमर्याद लूप नाही. या लोकांना पायथन येत नव्हतं म्हणून नव्हे. पूर्ण भाषा हातात दिली की प्रत्येक टीम आपली बोली तयार करते, क्लास लिहिते, इनहेरिटन्स आणते, आणि बिल्ड फाइल वाचायलाच एक माणूस लागतो, हे त्यांनी बघितलं होतं. मोठ्या, हातबदल होणाऱ्या टीमला मी मेसनच सांगतो. तुम्ही पाच जण आहात, एका खोलीत बसता, व्हेरिएंट तुमचा जीव की प्राण आहे, म्हणून एसकॉन्स. पण एक पथ्य पाळा : एसकन्स्ट्रक्टमध्ये फंक्शन लिहा, क्लास लिहू नका. क्लास लिहावासा वाटला तर समजा की बिल्डमध्ये प्रॉडक्ट शिरलंय.

सरळ पायथन स्क्रिप्टचं काय? सबप्रोसेसने कंपायलर बोलवायचा, झालं काम. पूर्ण बिल्ड पाच-दहा सेकंदांत होत असेल तर खुशाल करा, दर वेळी सगळं बांधा. त्यात लाज नाही. पण व्हेरिएंट वाढले की कुणीतरी म्हणतो, बदललेल्याच फायली कंपाइल करूया. मग वेळ तपासणारा कोड येतो, मग हेडर शोधणारा, मग समांतर चालवणारा. वर्षभराने तुमच्याकडे घरी बनवलेलं, कागदपत्र नसलेलं मेक असेल. नाद करायचा नाही.

बदल करताना मेकफाइल लगेच पुसू नका. एक व्हेरिएंट घ्या, सगळ्यात साधा. दोन्ही टूलांनी तो बांधा आणि निघालेल्या हेक्स फायली जुळवून बघा. जुळल्या नाहीत तर आधी ती तारीख-वेळेची मॅक्रो, मग ऑब्जेक्ट फायलींचा लिंकिंगचा क्रम, मग ‘असर्ट’मध्ये फायलीचा पत्ता घालणारा मॅक्रो तपासा, जीसीसीमध्ये पत्त्याचा पुढचा भाग बदलायचा पर्याय आहे. जुळल्या की दुसरा व्हेरिएंट. एखादी फाइल विनाकारण बनतेय असं वाटलं तर ‘डीबग’ला ‘एक्स्प्लेन’ देऊन चालवा, कुठल्या बदलामुळे ती शिळी ठरली ते ओळीने सांगतं. लागोपाठ दोनदा चालवून दुसऱ्यांदा ‘अद्ययावत’ आलं नाही, तर बहुधा कुठेतरी वाचण्याच्या टप्प्यात फाइल लिहिली जातेय, तीच आधी शोधा.

एसकॉन्सची आवृत्ती ठरवून ठेवा. 2020 च्या 4.0 पासून पायथन 2 चालत नाही, हे जुन्या टेस्टिंग पीसीवर आठवावं लागेल. शेडमध्ये इंटरनेटचा भरवसा नसतो, तर ‘एसकॉन्स-लोकल’ नावाचं पॅकेज आहे, ते कोडसोबतच रिपॉझिटरीत ठेवा. पायथन असलेल्या कुठल्याही लॅपटॉपवर, काही इन्स्टॉल न करता, भट्टीशेजारी उभं राहून बिल्ड काढता येतो.